मांजरेकाठच्या माणसांनो, धुरे राखा

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्यांनी उभी पिकं नेली, ते सगळ्यांनी पाहिलं. पिकाखालची जमीनही नेली. ती मात्र पंचनाम्याच्या एका रकान्यात मावली: ‘खरडून गेलेली जमीन’. सरकारने तिच्यासाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. आता हिशेब मांडून बघा. हेक्टरभर रानावरची अर्धा फूट माती म्हणजे पाचशे ब्रासहून जास्त. ती ट्रॅक्टरने परत आणायची तर पाचशे खेपा, डिझेल वेगळं. आणि आणायची कुठून?

मदत मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण पुराने एका रात्रीत केलं ते साधा पाऊस दरवर्षी गुपचूप करतो. देहरादूनच्या मृद व जलसंधारण संस्थेतल्या ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाचा अंदाज मांडला, तो असा: हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टन माती जागची हलते. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते. १६ टन म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर. तो गेलेला कुणाला कळतही नाही, आणि तेवढी माती नव्याने घडायला काही दशकं लागतात. शिवाय जातो तो वरचा थर, सगळ्यात कसदार.

यावर उपाय नाही असं म्हणायची सोय शास्त्रज्ञांनी ठेवलेली नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या काळ्या रानात १९७६पासून एक प्रयोग चालू आहे. शेजारी शेजारी दोन पाणलोट. एकात जुनी वहिवाट: पावसाळाभर रान उघडं, मग रब्बीला ज्वारी किंवा हरभरा. दुसऱ्यात उतार बघून पाडलेले रुंद वरंबे, मधे सऱ्या, आणि पाऊस पडताना रानावर पीक उभं. पहिल्यातून वर्षाला हेक्टरी सुमारे साडेसहा टन माती वाहून जाते, दुसऱ्यातून दीड टनाच्या आसपास. धान्य पहिल्यात टनाच्या थोडं वर, दुसऱ्यात सुमारे पाच टन. टपोरा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने उघड्या ढेकळावर आदळतो आणि मातीचे कण सुटे करतो; पान मधे आलं की तो मार पानावर निभावतो. यात अवघड काय आहे? आपल्याकडे सोयाबीनसाठी बीबीएफ यंत्र आलं आहे, तो याच रुंद वरंब्यांचा वारसा. तरी अजून कितीतरी रानांत तिफण उताराच्या दिशेनेच धावते, कारण ट्रॅक्टरला वळणं कमी पडतात. आणि धुऱ्यांबद्दल तर बोलूच नये. शेजाऱ्याचा धुरा वितभर कोरून मिळवलेलं तास पुढच्या पावसात दोघांचीही माती घेऊन जातं, कोर्टाच्या तारखा उरतात.

आता त्याच पाटणचेरूची दुसरी बाजू. तिथे औषधांचे कारखाने आहेत. सुमारे ९० औषध उत्पादकांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २००७ साली त्यांनी छापलेल्या निष्कर्षात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक होतं, म्हणजे ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. २०१४च्या अभ्यासात अशी प्रतिजैविकं परिसरातल्या मातीतही सापडली. तिथला नक्कावागू ओढा मिळतो मांजरेला. बीडच्या बालाघाटात उगवलेली, लातूरवरून गेलेली ही आपलीच मांजरा पुढे वळून बिलोलीच्या शिवेवरून गोदावरीला जाते. मातीला जिल्हा कळत नाही, राज्य तर त्याहून नाही.

आणि आपण तपासतो काय? २०१५पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. पिकाला काय कमी पडतं ते ही पत्रिका सांगते, रानात काय नको ते मिसळलं आहे हे विचारतच नाही. कारखान्याच्या, साखर असो वा रसायन, नाल्याखाली ज्यांची रानं आहेत त्यांनी तरी या अर्ध्या पत्रिकेवर समाधान मानू नये.

मागायला आता आधार आहे. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम २०२५मध्ये अधिसूचित झाले. लोकांच्या तक्रारीवरून स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, आणि पुढची तपासणी राज्याच्या प्रदूषण मंडळाने करायची, अशी त्यांत वाट आहे. तक्रारच झाली नाही तर यादी कोरी राहणार, आणि कोरी यादी दाखवून ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हणायला कुणालाही आवडेल.

म्हणून, बीडपासून बिलोलीपर्यंतच्या काठच्या गावांनो, १ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. पहिला: या खरिपात गावातली पेरणी उताराला आडवी होईल, गावासाठी बीबीएफ यंत्र भाड्याने आणलं जाईल, आणि कोरलेले धुरे मोजणी करून पुन्हा घातले जातील, वर वाळ्याची किंवा गवताची ओळ लावून. दुसरा: नाल्याकाठच्या रानांचे नमुने जड धातूंसाठी तपासावेत. हा ठराव तहसीलदार आणि प्रदूषण मंडळ, दोघांकडे पाठवा. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या, १५ ऑगस्टच्या सभेत तोच ठराव पुन्हा, आधीच्या पोचपावतीची प्रत जोडून.