तबकड्यांचे भांडण आणि प्रेक्षकाचा हक्क

चित्रपट पाहण्यासाठी कोणी खेळाचे यंत्र विकत घेईल काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण 2000 सालच्या मार्च महिन्यात जपानमध्ये नेमके हेच घडले. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन 2’ हे यंत्र 39,800 येनला बाजारात आले. त्यावर खेळ तर खेळता येतच, पण डीव्हीडीवरचे चित्रपटही पाहता येत. मुलांनी खेळासाठी हट्ट धरावा आणि वडिलांनी चित्रपटाच्या मिषाने तो पुरवावा, असा दुहेरी सौदा जमला. पुढे या यंत्राचे 15 कोटींहून अधिक नग जगभर खपले.

या घटनेवरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की, कंपन्यांची चुरस लागली की ग्राहकाचे भले होतेच. मला हा निष्कर्ष भाबडा वाटतो. प्रेक्षकाला झालेला हा लाभ म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होती. गाडा ज्या दिशेला वळेल, त्या दिशेला नळ्याला जावेच लागते. पंढरीची वाट सोडून गाडा आडरानात शिरला, तर नळ्याला कोण विचारतो?

पुरावा दूर शोधायला नको. 2001 साली निन्टेन्डोने ‘गेमक्यूब’ हे यंत्र आणले. त्याची तबकडी अवघी 8 सेंटिमीटरची होती आणि नेहमीची डीव्हीडी त्यात बसतच नसे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स’ आणला. त्यात डीव्हीडी बसत असे, पण चित्रपट पाहायचा तर वेगळा रिमोटचा संच विकत घ्यावा लागे. म्हणजे एकाने चित्रपट दिला, दुसऱ्याने नाकारला आणि तिसऱ्याने त्याचे वेगळे पैसे मागितले. प्रेक्षकाची गरज मात्र तिन्ही घरांत एकच होती!

खरी लढाई जुंपली ती 2006 साली. डीव्हीडीच्या एका थरावर 4.7 गिगाबाइट मजकूर मावतो. अधिक स्पष्ट चित्राला ही जागा अपुरी पडू लागली, तेव्हा तांबड्या लेसरऐवजी निळ्या-जांभळ्या लेसरच्या तबकड्या निघाल्या. किरण जितका आखूड लांबीचा, तितका त्याचा ठिपका बारीक आणि तितके लेखन दाट. पण तबकडी एक निघाली नाही, दोन निघाल्या. सोनी आणि तिच्या साथीदारांची ब्लू-रे, तर तोशिबाच्या बाजूची एचडी डीव्हीडी. पहिलीच्या एका थरात 25 गिगाबाइट मावत, दुसरीच्या 15. दुसरी मात्र जुन्या डीव्हीडीच्या कारखान्यांत थोड्या फेरफाराने तयार होऊ शके. आकार तोच, लेसरही त्याच जातीचा. तरीही एकीच्या यंत्रात दुसरी चालत नसे. चित्रपट कंपन्यांतही तट पडले. डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे गेल्या, तर युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे.

आता या दोन पक्षांनी खेळाची यंत्रे कशी वापरली ते पाहावे. सोनीने ‘प्लेस्टेशन 3’मध्ये ब्लू-रे यंत्राच्या पोटातच बसवली. ज्याला फक्त खेळायचे होते, त्यालाही तिची किंमत मोजणे भाग पडले. अमेरिकेत हे यंत्र 499 आणि 599 डॉलरना आले, युरोपला तर 2007 सालच्या मार्चपर्यंत थांबावे लागले. पण त्यामुळेच चित्रपटाचा विचारही न केलेल्या लाखो घरांत ब्लू-रे प्लेयर जाऊन बसला. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स 360’साठी एचडी डीव्हीडीचा जोड डबा 199 डॉलरना वेगळा विकला. ज्याला हवा त्याने घ्यावा, असा तो मामला. दिसायला हे अधिक न्याय्य. पण युद्धात न्यायापेक्षा संख्या मोठी ठरते. 2008 सालच्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. तो 199 डॉलरचा डबा मग 50 डॉलरवर आला. ज्यांनी विश्वासाने तो आधीच घेतला होता, त्यांच्या हाती एक निरुपयोगी पेटी आणि नवे चित्रपट कधीच न येणारी तबकड्यांची चळत उरली. जेते आणि जित कोण, हे इतिहासात लिहिले गेले; भुर्दंड कोणी भरला, हे मात्र कोणी लिहिले नाही.

बरे, जेत्याने तरी जिंकलेला गड राखला काय? 2016 साली अधिक सूक्ष्म चित्राची ‘4के’ ब्लू-रे आली. ती ‘एक्सबॉक्स वन एस’मध्ये चालू लागली, पण ब्लू-रेसाठी एवढी झुंजलेल्या सोनीच्याच ‘प्लेस्टेशन 4 प्रो’मध्ये ती चालत नव्हती! 2020 साली दोन्ही कंपन्यांनी तबकडीची खाचच नसलेली यंत्रेही विक्रीला ठेवली. 2024 सालच्या ‘प्लेस्टेशन 5 प्रो’ला तर तबकडीचा भाग वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो. गाडा वळला तो असा. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण खरी झाली. हा तिसरा म्हणजे तारेतून आणि हवेतून घरात येणारा, तबकडी नसलेला चित्रपट.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. धूळ नाही, ओरखडे नाहीत, कपाटाची अडगळ नाही. सोय मलाही नाकारता येत नाही. आपल्याकडे तर व्हीसीडी आणि डीव्हीडीनंतर ब्लू-रे नीट रुजण्याआधीच चित्रपट मोबाईलवर आला. पण 2023 सालच्या डिसेंबरमध्ये काय झाले, तेही ध्यानात घ्यावे. डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम ग्राहकांनी पैसे देऊन प्लेस्टेशनवर ‘विकत’ घेतले होते, ते त्यांच्या संग्रहातून काढून टाकले जातील, असे सोनीने कळवले. ओरड झाल्यावर तो बेत मागे घेतला गेला. पण घरातली वस्तू घरात राहण्यासाठी ओरड करावी लागत असेल, तर तिला ‘माझी’ कसे म्हणावे? तबकडी मित्राला देता येते, ग्रंथालयाला भेट देता येते, वीस वर्षांनी पुन्हा लावता येते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण आपल्यापैकी कितीतरी जणांचे वाचन उसन्या पुस्तकांवरच झाले आहे. चित्रपटालाही तो मार्ग का नसावा?

म्हणून कोणती तबकडी जिंकली, हा वाद मला गौण वाटतो. यंत्र घेताना त्याचे चित्र किती सुंदर दिसते, एवढेच आपण विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या: यावर मी घेतलेला चित्रपट मला दुसऱ्याच्या हातात ठेवता येईल काय? हा प्रश्न आपण विचारला नाही, तर कंपन्या तो आपण होऊन विचारणार नाहीत. गाड्याला बांधलेल्या नळ्याला तोंड नसते, आपल्याला आहे.