आभार कशाचे?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा नाशिकच्या बागांतली द्राक्षकाढणी संपलेली नव्हती. निर्यात अडखळली, बाजार मिटले. एरवी परदेशी जाणारे घड शेतकऱ्यांनी आमच्या सोसायट्यांच्या दाराशी आणले, पडत्या भावात. उरलेल्यांचे बेदाणे करावे लागले. आम्ही द्राक्षे चवीने खाल्ली, कृतज्ञ झालो. मे महिन्यात दुकाने उघडल्यावर नाशिकचीच वाईन पेल्यात (चहाच्याच!) ओतून 'स्थानिका'चा गौरवही केला. मात्र आम्ही आभार मानले ते ज्या स्वस्ताईचे, ती शेतकऱ्याची तूट होती. त्या दिवसांवरच्या आमच्या ललित लेखांत द्राक्षांची गोडी आहे, भाव नाही. तो किलोला काय होता, हे आम्हांला आता आठवतही नाही.