आडनाव काय म्हणालात?

दोस्तहो, पोखर्णीत माझ्या बापानं कधी घरभाडं भरलं नाही. भरणार कुणाला? नृसिंहाच्या देवळाभोवती गाव आणि गावाबाहेर आम्ही. जागा जातीनंच ठरवून दिलेली, फुकटात. खानदानातला पहिला भाडेकरू मी. २००४ साली परळीकडून येणाऱ्या गाडीत बसलो, परभणीला उतरलो आणि खोली शोधत हिंडलो.

पहिल्या घरी बाईनं नळ दाखवला, संडास दाखवला, भाडं सांगितलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. बाई आत जाऊन आली. "अगंबाई, पुतण्या येणाराय राहायला, विसरलेच." त्या आठवड्यात परभणीत लई पुतणे आले. चौथ्या घरी मी आडनाव गिळलं. खोली मिळाली. त्या रात्री घास उतरला नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं होतं आणि लोक काठ्या घेऊन आले होते. माझ्याकडं काठ्या नाही आल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, चार दिवसांत माझी वळकटी रस्त्यावर. मी मुकाट निघालो. कारण माझ्याकडं कागद नव्हता.

कायदा नंतर वाचला आणि स्वतःचाच संताप आला. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता, मुंबईत १९४७ चा. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच लागू झाला : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईस्तोवर. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कागद नव्हता हा गुन्हा त्याचा होता, आणि मान खाली घालून चाललो होतो मी!

आता नव्या कायद्याचा डंका आहे. केंद्रानं २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, राज्यांनी स्वीकारायचा. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यावर नको, भांडणांसाठी वेगळं भाडे न्यायालय. अनामतीचं कलम चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू? पण ही सगळी कलमं खोली मिळाल्यावरची. आपल्याला तर उंबऱ्यावरूनच परत धाडतात. जात विचारून खोली नाकारणाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

"घर माझं, कुणाला द्यायचं ते मी बघीन," असं मालक म्हणतो. नाही मालक. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ आहे. कुठल्याही वस्तीत राहायला जागा घेताना अस्पृश्यतेपायी आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पण पुरावा काय द्यायचा? तो पुतण्या?

म्हणून भाडे कायद्यातच हवं की, नकाराचं कारण मालकानं लिहून द्यावं. ते होईल तेव्हा होईल. तोवर पोरांनो, आडनाव गिळू नका. आता आधार कार्ड मागतात, गिळताही येत नाही. नकार आला की तारीख, वेळ, पत्ता वहीत लिहा. तासाभरानं कुलकर्णी आडनावाचा मित्र त्याच दारात पाठवा. खोली अजून रिकामीच निघाली, तर वही आणि मित्र दोघांना घेऊन पोलीस ठाण्यात जा.