ब्राउझरमध्ये दंडुका, सर्व्हरवर ढील

"फ्रंटएंडला चेक केलंय ना, मग सर्व्हरवर परत कशाला?" मंडळी, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येणंसुद्धा बंद झालंय. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या मशीनवर चालते, म्हणजे बंद करणंही त्याच्याच हातात. कर्लने थेट रिक्वेस्ट पाठवा. 'रिक्वायर्ड' आणि 'मॅक्सलेंग्थ' गेले हवेत.

आणि आपल्याकडची तऱ्हा तर उलटीच. नवीन जालन्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात तासभर बसून बघा. पत्त्यात तिरकी रेघ चालत नाही. (घर नंबरात रेघ नसलेला माणूस दाखवा!) आडनाव रिकामं ठेवलं की फॉर्म पुढे सरकत नाही. ऑपरेटर आता मुरलेला आहे: आडनावाच्या जागी टिंब, मोबाईलच्या जागी दहा वेळा ९. झाला फॉर्म 'व्हॅलिड'! म्हणजे खोटी माहिती आपल्या कडक चेकनेच भरून घेतली.

त्यात मराठी कीबोर्ड. जालन्याचा पिनकोड देवनागरीत '४३१२०३' असा टाइप केला तर काय होईल? जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पायथन ३ आणि डॉट नेटमधला तोच बॅकस्लॅश-डी मात्र देवनागरी आकडेही खुशाल पास करतो. नियम कॉपी-पेस्ट, उत्तरं दोन! मग एकच मोबाईल नंबर दोन लिप्यांत दोनदा साठतो, आणि पोस्टग्रेसचा युनिक इंडेक्स गप्प, कारण त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे नंबर. आधी सर्व्हरवर आकडे एका लिपीत आणा, मग तपासा. चार ओळींचं काम आहे हो.

ब्राउझर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आधारचा शेवटचा आकडा चेकसम असतो. टायपिंगची चूक तिथल्या तिथे पकडावी, माणसाचा हेलपाटा वाचतो. पण त्या आधारवर आधीच अर्ज आलाय का, हे ब्राउझरला कुठून कळणार?

'लाडकी बहीण' घ्या. २०२४ साली महिना १५०० रुपयांची ही योजना आली. जुलै २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनीच सांगितलं की सुमारे २६.३४ लाख जण अपात्र असताना लाभ घेत होते, आणि काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केले होते. हे सापडलं कसं? दुसऱ्या विभागांच्या माहितीशी ताडून. म्हणजे ताडायला माहिती होती; फक्त ताडली पैसे गेल्यावर.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "सर्व्हरवर लोड येतो." अहो, इंडेक्सवरच्या एका लुकअपचा कसला लोड? आणि दुसऱ्या खात्याचा सर्व्हर संथ असेल तर अर्ज 'प्रलंबित' ठेवा, रात्री बॅच चालवा, सकाळी एसएमएस पाठवा. अर्जदाराला एक दिवस थांबवणं परवडतं. वर्षभर दिलेले पैसे परत मागायला कोण जाणार आहे?