मोटारीचा गार श्वास

वैशाखांत वलगांवीं पारा ४५ अंशांपाशीं गेला कीं आपण खिडकीवरचे वाळ्याचे पडदे भिजवितों. तें पाहून पुतण्यानें विचारिलें, "काका, मोटारीचें एंजिन जी हवा ओढतें, ती बर्फाच्या पाण्याच्या नळ्यांवरून नेली तर?"

कल्पना अशास्त्रीय नव्हे. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेहून शेंकडा ६ नें विरळ; तितका प्राणवायु कमी, तितकें बळ कमी. टर्बोच्या कांहीं मोटारींत दाबानें तापलेली हवा अशीच पाण्यानें निववितात.

परंतु हिशेब करावा. १२०० घन सेंटिमीटरचें एंजिन मिनिटास ३००० फेऱ्यांवर सुमारें दीड किलो हवा ओढतें. ती २० अंशांनीं निववावयाची तर मिनिटास ७ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. किलोभर बर्फ वितळतांना शोषितो ८०. म्हणजे अकरा मिनिटांत बर्फ संपला! अमरावतीहून परततांना काय करणार?

"मग पाणीच आंत सोडूं?" या प्रश्नावर मात्र मी रागावलों. पाणी दाबलें जात नाहीं. नळकांड्यांत सांचलें तर दट्ट्याचा दांडा वांकतो. तापल्या रेडिएटरांत बर्फाचें पाणी ओतणेंही तसेंच घातक. धातूस तडा जातो.

तूर्त मोटार निंबाखालीं उभी असते, आणि हवेची गाळणी तो दर रविवारीं झाडतो.