व्हॉल्व्ह कोणाच्या हातात?

धरणे आटली की सरकारला मराठवाड्याच्या पाण्याची आठवण होते आणि धरणे भरली की तीच आठवण वाहून जाते. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, गोदावरी या नद्यांनी पात्र सोडले, शेतेच्या शेते मातीसकट खरडून नेली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले. ज्या मांजरा धरणावर लातूर शहर जगते, त्याच धरणाचा तळ २०१६ साली उघडा पडला होता. त्या वर्षी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावली गेली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून शहराला पाजावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटर. श्रेय घ्यायला पुढाऱ्यांची झुंबड उडाली. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे ३ लाख ८३ हजार लोकसंख्येच्या शहरात ते पंचवीस लाख लिटर वाटले तर माणशी जेमतेम साडेसहा लिटर येतात, हा हिशेब किती जणांनी मांडला?

पूर ओसरला आहे. पुढच्या दुष्काळाची वाट न पाहता पुढच्या पिढीच्या पिण्याच्या पाण्याचे नियोजन करायची वेळ हीच आहे. नळयोजना साधारण तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून आखली जाते. म्हणजे आज मंत्रालयात आणि जिल्हा परिषदेत ज्या नकाशांवर सह्या होतात, ते नकाशे आज आपल्या वस्तीत जन्मलेले पोर तिशीचे होईपर्यंत त्याचे पाणी ठरवतात. म्हणून हा विषय इंजिनिअर मंडळींवर सोडून देण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते.

मराठवाड्यासाठी आजवरचा सर्वांत मोठा आराखडा म्हणजे वॉटर ग्रीड. २०१८ साली इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी कंपनीशी करार झाला आणि अकरा धरणे मोठ्या जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडायची, भरलेल्या धरणाचे पाणी कोरड्या धरणाच्या मुलखात न्यायचे, अशी कल्पना मांडली गेली. कल्पना वाईट नाही. पुढे सरकारे बदलली. एकाने फाईल उघडली, दुसऱ्याने मिटली, तिसऱ्याने पुन्हा उघडली. मूळ आराखड्याप्रमाणे ग्रीड काही उभी राहिली नाही. तिच्यावर एक साधा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. २०१५-१६ सारख्या वर्षी मराठवाड्यातली धरणे पाठोपाठ आटतात. रिकामी भांडी नळीने जोडली म्हणून त्यात पाणी येत नाही! मग कृष्णेचे पाणी आणू, कोकणातले वळवू, अशा घोषणा होतात. त्या ऐकता ऐकता एक पिढी म्हातारी झाली.

पण खरोखरच पिण्यापुरते पाणी नाही काय? आम्ही साधा गुणाकार करून पाहिला. २०११ साली मराठवाड्याची लोकसंख्या होती १ कोटी ८७ लाख. जलजीवन मिशनने ठरवलेले माणशी दररोज ५५ लिटर धरले तर अख्ख्या विभागाला वर्षाला सुमारे पावणेचारशे दशलक्ष घनमीटर पाणी लागते. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे बाष्पीभवन आणि गळती बाजूला ठेवली तर भरलेल्या जायकवाडीच्या सहाव्या हिश्शात आठही जिल्ह्यांची वर्षभराची तहान भागते. लोकसंख्या दीडपट झाली तरी चौथ्या हिश्शाच्या आसपास. आता दुसरा हिशेब. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला पावणेदोन ते दोन कोटी लिटर पाणी लागते. ५५ लिटरच्या मापाने तेवढ्या पाण्यावर नऊशे ते हजार माणसे वर्षभर जगतात. एक हेक्टर ऊस म्हणजे एका लहान गावाचे वर्षभराचे पाणी! ऊस लावणारा प्रत्येकजण धनदांडगा नसतो, हे आम्ही जाणतो. पण ज्या मुलखात माणसांना वाघिणीने पाणी पाजावे लागते, तिथे कारखान्यांची धुराडी कोणाच्या आशीर्वादाने वाढली, हे विचारायचे नाही काय?

पिण्याला पहिला हक्क, असे सरकारची जलनीती सांगते. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर, नवे बोअर घ्यायला बंदी केली. २००९ साली त्याहून व्यापक कायदा केला, तो २०१४ मध्ये लागू झाला. जायकवाडीचा साठा पंधरा ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात पाणी न्यायाने वाटले पाहिजे, म्हणून मराठवाड्यातले सर्वपक्षीय पुढारी रस्त्यावर येतात. यावे, आम्हीही त्यांच्याबरोबर आहोत. पण जायकवाडीपर्यंत हक्काने मागून आणलेले पाणी गावात शिरले की त्याच पुढाऱ्यांचा समन्याय कुठे जातो? गावच्या वेशीपासून बौद्धवाड्यापर्यंतच्या शेवटच्या पाचशे मीटरांत समन्यायाचा आदेश लागू होत नाही काय?

आमचे म्हणणे नेमके या पाचशे मीटरांविषयी आहे. पूर्वी पाणवठा डोळ्यांना दिसत होता. विहीर होती, आड होता, तळे होते. आपल्या आयाबहिणी घागरी घेऊन कोणी वरून पाणी वाढेल याची वाट पाहत उभ्या राहत. तो अन्याय दिसत होता म्हणून त्याच्याशी लढता आले. आता घरोघर नळ आला. चांगलेच झाले. पण गावाची उंच टाकी कुठे बांधली जाते? उंचावर, म्हणजे बहुतेक गावठाणात. मुख्य जलवाहिनी कुठून निघते? टाकीपासून, मोठ्या घरांच्या दारावरून. तिचा व्यास जसजसे पुढे जावे तसतसा कमी होतो आणि शेवटी, गावकुसाबाहेर जिथे ती संपते, तिथे आपली वस्ती असते. वाटेतल्या घरांनी नळाला मोटारी लावून पाणी ओढले की शेवटच्या तोटीतून नुसती हवा येते. वॉलमन ग्रामपंचायतीचा, ग्रामपंचायत ज्यांच्या हातात ते गाव त्यांचे. पंधरा मिनिटे आधी व्हॉल्व्ह फिरवला की काम झाले. कोणी शिवी दिली नाही, कोणी घागर फोडली नाही, कोणी विटाळ झाला म्हणून तळे शुद्ध करून घेतले नाही. विटाळ पाइपात उतरला!

राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट सर्वांना खुले केले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तिच्यात नदी, झरा, विहीर, टाकी यांच्या जोडीला नळाचाही उल्लेख आहे. कोणी नळावर अडवले तर गुन्हा दाखल करता येतो. पण पाण्याचा दाब कमी पडला तर आरोपी कोण? फिर्यादीत नाव कोणाचे लिहायचे? सरकारी तक्त्यात तर त्या घराला नळजोडणी 'झालेली' असते. तोटी आहे, नोंद आहे, आधार क्रमांक जोडलेला आहे. पाणी तेवढे नाही.

महाडची आठवण इथे नुसती वंदनासाठी काढत नाही. बोले ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे चालत जावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? ते कोर्टात गेले आणि म्हणाले, चवदार तळे सार्वजनिक नाहीच, ती आमची खाजगी मालमत्ता आहे! हा दावा मोडून काढायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे. 'खाजगी' हा शब्द तेव्हापासून आपल्या ओळखीचा आहे. आज तो कुठे भेटतो पाहा. योजनेच्या विहिरीसाठी ज्याने जागा दिली, त्याचे दानपत्र कच्चे असते. पाच वर्षांनी त्याचा मुलगा म्हणतो, विहीर आमच्या शेतात आहे. टंचाईत अधिग्रहित केलेली विहीर एखाद्या बड्या शेतकऱ्याची असते, भाडे सरकार देते, उपकार तो करतो. २०१६ साली वाशिम जिल्ह्यातल्या एका गावात पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले म्हणून एका दलित मजुराने एकट्याने चाळीस दिवस खोदून स्वतःची विहीर पाडली. देशभर कौतुक झाले. आम्हालाही अभिमान वाटला. पण ज्या राज्यात नळयोजनांवर हजारो कोटी खर्च होतात, तिथे मजुरावर ही पाळी का आली, हा प्रश्न त्या कौतुकात बुडाला.

आता आपल्याच माणसांना न आवडणारी एक गोष्ट. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून अनेक ठिकाणी वस्तीला स्वतंत्र बोअर, स्वतंत्र टाकी मिळते. कार्यकर्ते खूष होतात, टाकीवर निळा रंग मारला जातो. रोजच्या अपमानातून सुटका होते, म्हणून या मागणीमागची वेदना आम्ही समजू शकतो. पण दोनशे फुटांचे ते बोअर मार्च महिन्यात गचके देते, आणि मग गावच्या टाकीकडे बोट दाखवले की उत्तर ठरलेले : तुमचे तुम्हाला दिले आहे ना! सरकारच्या पैशाने पुन्हा वेगळा पाणवठा, आणि तोही आपण मागून घेतलेला! महाडचा संगर तहानेसाठी नव्हता, बरोबरीसाठी होता. आम्हाला त्याच धरणाचे, त्याच टाकीचे, त्याच दाबाचे पाणी हवे.

पैशाची गोष्टही सांगितली पाहिजे. २००० सालापासून राज्याने मागणीप्रमाणे योजना आणि दहा टक्के लोकवर्गणी हे धोरण आणले. जलजीवन मिशनमध्ये अनुसूचित जाती-जमातींची संख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांना पाच टक्के, इतरांना दहा. पण आपण बहुतेक गावांत निम्म्याहून कमीच आहोत! ऊसतोडीला सहा महिने बाहेर गेलेल्या कुटुंबाने वर्गणी कोणाकडे भरायची, पाणी समितीच्या बैठकीला कोणी जायचे? शहरातही वेगळे चित्र नाही. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, समांतर जलवाहिनी खाजगी भागीदारीतून करायचा घाट घातला गेला आणि २०१६ साली तो करार मोडला. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. ज्याच्या इमारतीखाली मोठा हौद आहे त्याला आठवड्यातून एकदा आलेले पाणीही पुरते. झोपडपट्टीत साठवायला दोन पिंप असतात. मग जार विकत घ्यायचा, टँकरमागे धावायचे. गरीब माणूस पाण्याला श्रीमंतापेक्षा जास्त दर देतो, ही आपल्याकडची पाणीपट्टी!

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली, आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोग त्याच काळात, १९४५ साली उभा राहिला. नदीचे खोरे एक घटक धरून नियोजन करायचे, हा विचार त्यांनी राबवला. आज त्याच विचाराने गावाच्या नळाचेही खोरे धरले पाहिजे आणि आखणी शेवटच्या तोटीपासून सुरू केली पाहिजे. शेवटच्या घराला ५५ लिटर पोचायला किती दाब लागतो ते आधी काढा, मग टाकीची उंची आणि वाहिनीचा व्यास ठरवा. वस्तीच्या वाटेवर पाण्याचे मीटर बसवा म्हणजे तक्त्यात तोटीऐवजी लिटर मोजले जातील. विहिरीच्या जागेचे दानपत्र नोंदणीकृत असल्याशिवाय कामाचा आदेश देऊ नका. धरणात पिण्याचे पाणी बाजूला काढल्यावरच ऊस आणि कारखान्यांचा विचार करा. वॉटर ग्रीडची फाईल पुन्हा उघडली जाईल तेव्हा तिच्यात या गोष्टी आहेत की नाहीत, हे आमच्या आमदारांनी विधानसभेत विचारावे. राखीव जागेवरून निवडून आलेल्यांनी तरी!

तोवर आपल्या हाताशी ग्रामसभा आहे. गावातल्या पहिल्या तोटीखाली आणि वस्तीतल्या शेवटच्या तोटीखाली, पाणी सुटल्यावर, एकाच मापाची बादली ठेवा. ती किती मिनिटांत भरते ते दोन्हीकडे लिहून घ्या, आठ दिवस लिहा. ते आकडे ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नोंद करायला नकार मिळाला तर तो नकार लेखी मागा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा.