कोबेतील एक रविवार

सांगली जिल्ह्यातील एका सराफी घराण्यातील मुलगी विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभरासाठी जपानमधील कोबे शहरी शिकावयास गेली, तेव्हा घरच्यांनी तिच्या सामानात मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ आणि एक लहान कुकर असे सारे बांधून दिले. भुकेची व्यवस्था झाली. सोबतीची व्यवस्था मात्र बॅगेत भरून देता येत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत वर्गातील मुलींनी तिला चार-पाच वेळा जेवावयास बोलावले आणि प्रत्येक वेळी तिने पोट बरे नसल्याचे सांगितले. मांस-मासे नकोत, अंडे नको, एवढे सांगणे अवघड नव्हते. पण जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचे पाणी. कात्सुओ मासा वाळवून त्याचे रंध्याने काढावेत तसे पातळ काप करतात आणि ते उकळत्या पाण्यात घालून गाळून घेतात. नूडल्सचे सूप, सोयाबीनच्या मिसोचे सार, पुष्कळदा नुसत्या भाजीचा रससुद्धा या पाण्यावर होतो. ताटात मासा दिसत नाही, पण तो असतो. प्रत्येक पदार्थामागे एवढी चौकशी करून यजमानाला संकोचात टाकण्यापेक्षा पोटदुखी बरी, असे तिला वाटे. हळूहळू बोलावणी थांबली. चूक कोणाची, हे सांगावयास नकोच.

ग्रंथालयात शेजारी बसणारी एक मुलगी मात्र थांबली नाही. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी तिने शहर दाखविण्याचा बेत केला आणि डबाही आपणच आणू, असे सांगून ‘काय चालत नाही’ ते लिहून मागितले. आपल्या मुलीने मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण असे लिहून दिले. कंदमुळांपर्यंत येताच लेखणी थांबली. यादी आधीच लांबली होती.

दोघी सान्नोमिया स्थानकावर भेटल्या आणि कितानोच्या चढाकडे निघाल्या. 1868 मध्ये कोबेचे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले, तेव्हापासून दर्यापारच्या व्यापाऱ्यांनी या उतारावर घरे बांधली. छपरावर वाऱ्याचा कोंबडा असलेले एका जर्मन व्यापाऱ्याचे विटांचे घर आज पर्यटकांची गर्दी खेचते. त्याच परिसरात, 1985 मध्ये पूर्ण झालेले, पांढऱ्या संगमरवराचे महावीरस्वामींचे मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी कोबेत स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी ते उभारले. मुलीच्या घरची परंपरा दिगंबर, मंदिर श्वेतांबर. पण घरापासून इतक्या दूर आल्यावर हा भेद पायरीशीच राहतो.

जपानी मुलीने न सांगता चपला काढल्या आणि त्यांची टोके दाराकडे वळवून नीट मांडून ठेवल्या. हे तिच्या घरातले वळण होते. आत गेल्यावर, शिंतो देवस्थानात करतात तसे दोनदा वाकून टाळी वाजविण्यासाठी तिने हात उचलले आणि शेजारी पाहून अलगद जोडले. बाहेर आल्यावर तिने एकच विचारले, “इथे देवाकडे काही मागतात का?” आपली मुलगी म्हणाली, “मागायचं नसतं. पण परीक्षेच्या आधी मी मागते.” दोघी पहिल्यांदाच मोकळेपणाने हसल्या.

डबा उघडला तो वाऱ्याच्या कोंबड्याच्या घरासमोरील चौकात. पांढरा भात, त्यावर काळे तीळ, मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, टोफू, आणि मासा टाळून केवळ समुद्रशेवाळाच्या पाण्यात शिजविलेला लाल भोपळा. एका कोपऱ्यात फुलाच्या आकारात कातरलेली गाजरे आणि कमळाच्या कंदाच्या जाळीदार चकत्या. सकाळी पाच वाजता उठून केलेला तो डबा होता. गाजराच्या प्रत्येक पाकळीला वेगळी चीर दिली होती.

मुलीचा हात थांबला. खाऊन टाकावे, कोणास कळणार, हाही विचार मनात आला असेल. सतरा-अठरा वर्षांचे वळण त्याच्या आड आले. गाजर आणि तो कंद आपल्याला चालत नाही, जमिनीखाली वाढणारे घरात कोणी खात नाही, असे तिने खाली मान घालून सांगितले. मैत्रीण काही वेळ गप्प राहिली. मग काड्यांनी एकेक फूल उचलून तिने आपल्या डब्यात घेतले आणि आपला भोपळा तिकडे ठेवला.

“आमच्या मठांतले भिक्षूही कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे ते मला समजलं,” ती म्हणाली. “हे तू लिहिलंच नाहीस. पोटदुखीही अशीच होती का?”

मुलीने होय म्हटले.

चौकातून उतरताना मोत्यांच्या कंपन्यांच्या पाट्या दिसू लागल्या. मैत्रिणीची आजी तरुणपणी अशाच एका कचेरीत मोती निवडण्याचे काम करीत असे. रोक्को डोंगरावरून परतून उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा मऊ उजेड मोत्यांचा रंग पारखण्यास उत्तम, असे येथील जुन्या कारागिरांचे म्हणणे. भारतीय व्यापारी माल पाहावयास येत, पण दुपारचा डबा घरचाच आणत. ते बाहेर का जेवत नाहीत, याचे टेबलावरच्या मुलींना मोठे कुतूहल असे. “आजीला आज उत्तर मिळेल,” मैत्रीण म्हणाली.

मुलीने उत्साहाने मोबाईलमधील चुलत बहिणीच्या लग्नाचे छायाचित्र दाखविले. नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ होती आणि ती घरच्याच पेढीतली होती.

मैत्रिणीने ते निरखून पाहिले आणि साधेपणाने विचारले, “मोती काढताना शिंपला मरतो. ते चालतं?”

या प्रश्नात टोमणा नव्हता. तिने जे ऐकले होते तेच ती सांगत होती. 1893 मध्ये मिकिमोतो कोकिचीने तोबाजवळ शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले, ते आपल्याकडील सराफांनाही ठाऊक असते. पुढील तपशील दुकानाच्या काचेपलीकडे सहसा येत नाही. एका शिंपल्याच्या अंगाचा तुकडा कापून, गोल मण्यासह दुसऱ्या जिवंत शिंपल्यात बसवितात. एक-दोन वर्षे तो समुद्रात टांगून ठेवतात आणि हिवाळ्यात, चकाकी उत्तम असताना, उघडतात. तुकडा देणारा आधीच गेलेला असतो, मोती वाढविणारा तेव्हा जातो. मिए प्रांतातील मोत्यांच्या खाडीकाठी त्या शिंपल्यांसाठी शांतिप्रार्थना करतात, असेही मैत्रिणीने सांगितले.

मुलीला यातले काहीच माहीत नव्हते. गाजर नाकारून तासही झाला नव्हता.

बंदराकडे दोघी फारसे न बोलता चालल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य पाचच्या आतच मावळतो. मैत्रिणीनेच घड्याळ पाहिले, पिशवीतून दोन पिकलेली काकी फळे काढली आणि म्हणाली, “अजून वीस मिनिटं आहेत. खाऊन घे.” सूर्यास्ताचा नियम तिला मंदिरातून बाहेर पडताना सहज सांगितलेला होता.

खोलीवर परतताच मुलीने घरी फोन लावला. भारतात दुपार होती. रविवारची जेवणे आटोपली होती.

“बाबा, मोती काढताना शिंपला मरतो, हे तुम्हाला माहीत होतं?”

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मग वडील म्हणाले, “माहीत आहे. तुझ्या आजोबांनाही होतं. नथ मागायला बाई दारात येते, तेव्हा नाही म्हणवत नाही. तू ये, मग बोलू.” आणि थोडे थांबून, “कोणी विचारलं तुला?”

“मैत्रिणीनं.”

रात्री मैत्रिणीचा संदेश आला. नावापुढे आजवर लावलेले आदरार्थी ‘सान’ त्यात नव्हते. पुढच्या रविवारसाठी भाजीच्या दुकानातील फळ्यांचे छायाचित्र होते, आणि जमिनीखालच्या भाज्यांवर फुली मारून पाठव, अशी सूचना. खाली एक शंकाही होती: कमळाचा कंद मातीत नव्हे, चिखलात वाढतो; मग तो नक्की कोणत्या बाजूला धरायचा?

हे मात्र आईलाच विचारावे लागणार होते.